भाऊ, खरी गोष्ट तुमच्या ता.क. मध्ये आहे

कारंजा तालुक्यातल्या एका भाऊंचं पत्र आलंय. पत्र म्हणजे वहीच्या पाच पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेत, त्यातला तिसरा फोटो उलटा, मान वाकडी करून वाचला. नाव-गाव टाकू नका म्हणालेत म्हणून नाही टाकत. काटछाट करून पत्र असं आहे:

"ताई, मी 1993 चा बी.कॉम. गावच्या हॉल्टवरून शकुंतलेनं, म्हणजे आमच्या मूर्तिजापूर-यवतमाळ छोट्या रेल्वेनं, कारंज्याला कॉलेजला जायचो. आमच्या बॅचचा ग्रुप सहा वर्षांआधी निघाला, आता 63 जण आहेत. अर्धे पुण्यात, काही नागपूर, दोघं अमेरिकेत, बाकी मास्तर, बँक, एलआयसी. शेती करणारे आम्ही तिघंच, त्यातले दोघं ग्रुपवर तोंड उघडत नाहीत. यंदा चिखलदऱ्याला गेट टुगेदर ठेवलंय, नोव्हेंबरचा दुसरा शनिवार-रविवार, माणशी 4,500 रुपये. माझी सहा एकर, कपाशी आणि तूर, वेचणी नेमकी तेव्हाच असते आणि वेचायला बाया मिळत नाहीत. मी लिहिलं, यंदा जमणार नाही. तर एका मित्रानं सगळ्यांसमोर टाकलं, 'याचे पैसे मी भरतो, याला आणायचंच.' त्याच्यावर चौदा अंगठे आले. ताई, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पैशाचं मी बोललोच नव्हतो.

"वर्गात नऊ मुली होत्या, दोघीच सापडल्या. बाकी सात जणींना शोधायचं काम माझ्याकडे, का तर 'तू तिथंच आहेस ना'. म्हणजे मी रिकामा बसलो आहे. बॅचमधले दोघं वारले, एक मूर्तिजापूरचा, एक दिग्रसचा, ग्रुपवर हात जोडलेले फोटो पडले, तेरवीला मी एकटा गेलो मोटरसायकलनं. समृद्धी माझ्या वावरातून दिसते. मागच्या महिन्यात तिघं जण तिच्यावरून नागपूरला लग्नाला गेले, गाडीतून फोटो टाकला, फोटोत कारंज्याची पाटी. कोणी उतरलं नाही. हेच लोक शकुंतलेतून उड्या टाकून माझ्याच बापाच्या वावरातला हरभरा उपटायचे आणि पळत जाऊन पुन्हा डब्यात चढायचे. बायको म्हणते जाऊन या, पोरगा म्हणतो ग्रुप सोडून टाका, रोज मोबाईल पाहून तोंड पाडता. ग्रुप सोडू का?

"ता.क. – ज्यानं पैसे भरतो म्हटलं त्याच्याकडून 2006 मध्ये बाबांच्या दवाखान्यासाठी मी 20,000 घेतले होते. परत झाले नाहीत. त्यानं कधी मागितले नाहीत."

भाऊ, नमस्कार.

31 वर्षं मास्तरीण होती मी. पोरं अर्ज लिहायची तेव्हा सर्दी, खोकला, मामाचं लग्न असं पानभर असायचं आणि शेवटी सहीच्या बाजूला बारीक अक्षरात एखादी ओळ, की बाबा रात्री घरात राहू देत नाहीत म्हणून अभ्यास झाला नाही. तेव्हापासून मला सवय लागली, कागद हातात आला की आधी खालून वाचायचा. तुमचंही पत्र मी तसंच वाचलं. चार पानं चिखलदरा, समृद्धी, अंगठे, मुलींचे पत्ते, आणि पाचव्या पानाच्या कोपऱ्यात जागा संपत आली म्हणून दाटीवाटीनं लिहिलेल्या तीन ओळी. तर मी उत्तर पण खालूनच सुरू करते, राग मानू नका.

तो माणूस 'याचे पैसे मी भरतो' म्हणाला तेव्हा चौदा जणांनी वाचलं की बापरे काय दिलदार मित्र आहे. तुम्ही काय वाचलं, तर 'आधीचे वीस दिले नाहीस तरी हे घे अजून साडेचार'. त्याच्या मनात ते होतं का, मला नाही वाटत. तो बहुतेक विसरलाय किंवा विसरला नसेल तरी त्यानं ते खातं कधीच बंद करून टाकलंय. पण तुमचं खातं चालू आहे ना, रोज सकाळी तो गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकतो आणि तुमच्या खात्यात एक ओळ वाढते. जेवण त्यामुळे गेलं नाही भाऊ, 4,500 मुळे नाही.

आणि 2006 म्हणजे कोणतं वर्ष ते आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधान इकडे येऊन आपल्या विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले, त्यात तुमचा वाशिम होता, माझा वर्धा होता. त्या वर्षी कोणाच्या घरी वीस हजार पडून होते ते मला सांगा. तुम्ही बापाच्या दवाखान्यासाठी मित्राला मागितले, बाजारात सावकाराकडे गेले नाही, यात लाज वाटण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. लाज असेल तर नंतर जे झालं त्याची थोडी आहे, की तुम्ही त्याचे फोन उचलणं कमी केलं (हे तुम्ही लिहिलं नाही, पण केलं असणार, सगळेच करतात). पैसे नसतात म्हणून माणूस तोंड चुकवतो आणि मग पैसे आले तरी तोंड चुकवायची सवय राहून जाते. समोरच्याला मात्र पैसे गेल्याचं नाही तर मित्र गेल्याचं वाटत असते, आणि त्याला वाटते की शेतकरी झाला, बदलला.

कायद्याच्या हिशोबानं म्हणाल तर हातउसने पैसे तीन वर्षांत मुदतीबाहेर जातात, कोर्टात कोणी तुमच्याकडून एक रुपया काढू शकत नाही. ही माहिती मी देऊन राहिली कारण माझ्या एका भाच्यानं हीच माहिती मला मोठ्या अभिमानानं दिली होती आणि त्याचे तीन मित्र कमी झाले.

तर आता काय करायचं ते सांगते. कापूस विकला की, नाहीतर त्याच्याही आधी जमत असेल तर, त्याला फोन करा. मेसेज नाही, ग्रुपवर तर अजिबात नाही, आणि गुपचूप फोनवरून पैसे टाकून मोकळं व्हायचं हे पण नाही. अहो पुण्यातल्या माणसाच्या खात्यात अचानक पैसे पडले तर तो आधी बँकेत फोन लावतो की हा फ्रॉड आहे का. सरळ फोन लावा, रात्री आठनंतर, तो जेवून बसला असेल तेव्हा, आणि जसं त्याच्याशी शकुंतलेच्या डब्यात बोलायचे तसंच बोला: "काय बे, मी बोलून रायलो. 2006 मध्ये माह्या बाबाच्या दवाखान्याले तू वीस हजार देल्ले होते. ते माह्या डोक्यातून गेले नाहीत. पाच हजार या महिन्यात टाकतो, बाकी तूर निघाली की." बस. कारणं सांगत बसू नका, पाऊस, बोंडअळी, भाव, त्यातलं काहीच नाही. कारणं सांगितली की त्याला तुमची समजूत घालावी लागते आणि मग फोन त्याचा होतो, तुमचा राहत नाही.

तो म्हणेल सोड ना यार, राहू दे. शंभर टक्के म्हणेल. पहिले पाच हजार तरी टाकाच, हट्टानं टाका. ते गेल्यावर तो पुन्हा म्हणाला की आता बाकीचे नको, बाबा माझे पण होते, तर मग तुम्ही ठरवा घ्यायचं की नाही. तेव्हा ते त्यानं दिलेलं आणि तुम्ही उघड्या डोळ्यानं घेतलेलं असेल. आत्ता फोनवरच पैसे माफ करून घेतले तर चिखलदऱ्याला सोडा, कारंज्याच्या स्टँडवर भेटला तरी तुम्ही बोर्ड वाचत उभे राहाल. व्याज बिलकुल काढू नका, मित्राला व्याज दिलं की तो मित्राचा सावकार झाला.

त्याच फोनवर, शेवटी शेवटी, हसत हसत दुसरी गोष्ट पण सांगून टाका, की पैसे भरतो असं सगळ्यांसमोर नको लिहत जाऊ बे, मला एकट्याला लिही. त्याला कळेल. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण शहरात गेलेल्या माणसाचं एक होते, त्याला वाटते की जगात जे काही अडते ते पैशानंच अडते. त्याची सुट्टी अर्जावर असते. कपाशी अर्ज घेत नाही ना. बोंडं फुटून पांढरं झालेलं वावर दोन दिवस सोडलं आणि मध्येच एक पावसाची सर आली तर तोच कापूस कवडी होऊन जातो, रंग उतरतो, आणि व्यापारी बोटानं उलटून पाहतो आणि तोंड वाकडं करतो, आणि वेचणाऱ्या बाया एकदा दुसऱ्याच्या वावरात गेल्या की पुन्हा आठ दिवस मिळत नाहीत. हे त्यांना माहीत नाही असं नाही, अर्ध्यांचे बाप हेच करत होते. विसरले. आठवण करून द्यायची, रुसायचं नाही. तुम्ही नुसतं 'जमणार नाही' लिहिलं आणि पुढची जागा रिकामी ठेवली, त्या रिकाम्या जागेत त्यानं पैसे भरले. 'वेचणी आहे' एवढे दोन शब्द लिहिले असते तर चौदातले दहा अंगठे आलेच नसते.

आता तुमचं ते वाक्य, 'तू तिथंच आहेस ना'. ते तुम्हाला टोचलं. मला ते वाचून वेगळंच काही आठवलं, सांगते, जरा लांब आहे.

मी 1986 ला अमरावतीहून बी.ए. झाली. होस्टेलला माझी रूममेट वरुडकडची, बापाची संत्र्याची बाग, तीन वर्षं आम्ही एका ट्रंकेत कपडे ठेवले. 88 ला माझं लग्न झालं आणि तेव्हा आमच्याकडे होती पद्धत, आडनाव तर बदललंच, तांदळात अंगठीनं लिहून माझं नावही बदललं. म्हणजे कॉलेजच्या रजिस्टरमधली जी मुलगी होती ती कागदावरून गायबच झाली. मिस्टरांची बदलीची नोकरी, गडचिरोली, भंडारा, पुसद, दर तीन वर्षांनी पत्ता नवा. तिनं मला पत्रं लिहिली, तेव्हा पंधरा पैशाचं कार्ड होतं, दोन मिळाली, पुढची परत गेली. तिचंही लग्न झालं, तिचंही नाव बदललं, मी लिहिलेलं पण परत आलं. फोन कोणाच्या घरी होता तेव्हा, एसटीडीवर रात्री अकरानंतर दर उतरायचे म्हणून लाईन लावायची आणि ज्याला लावायचा त्याचा नंबरच नाही. पुढे फेसबुक आलं, त्यात मी तिचं जुनं नाव टाकून पाहिलं आणि ती माझं जुनं नाव टाकून पाहत होती, दोघी पण त्या नावाच्या राहिलोच नव्हतो. तर कशी सापडली? 2014 साली, उन्हाळ्यात, ती आर्वीजवळच्या माझ्या माहेरच्या गावी एसटीतून उतरली. तिला एवढंच आठवत होतं की माझ्या भावाचं स्टँडसमोर किराणा दुकान आहे आणि दुकानासमोर कडुलिंब आहे. भाऊ माझा 1979 पासून त्याच गल्ल्यावर बसलेला. तिनं विचारलं, त्यानं वर न पाहता तेल मोजता मोजता सांगितलं, 'हो, आहे ना, माझीच बहीण, बसा'. 26 वर्षांनी तिचा आवाज मी त्या दुकानाच्या फोनवर ऐकला, मागून गिऱ्हाईक ओरडून राहिलं होतं की शेंगदाणे अर्धा पाव. 2023 च्या मार्चपासून आम्हा बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर ती दर दोन महिन्यांनी येते, आणि ग्रुपबिप आमचा काही नाही.

माझा भाऊ त्या दुकानात अडकून पडला असं घरातले सगळे म्हणायचे, मी पण म्हणायची. तो जर कुठं गेला असता ना भाऊ, तर मी तिला आजही सापडली नसती.

तुमच्या बॅचच्या 63 जणांनी किती नंबर बदलले, किती घरं बदलली, मोजून पाहा. 93 साली त्यांचे पत्ते 'जि. अकोला' होते, वाशिम जिल्हाच नव्हता, तो झाला 1 जुलै 1998 ला. शकुंतला तेव्हा अजून वाफेवर होती, 94 ला डिझेलवर गेली आणि आता तर रुळातून बाभळी उगवल्यात. कॉलेजच्या रजिस्टरमधला पत्ता धरून आज कोणी निघालं तर तो ज्या एका दारापर्यंत नक्की पोचेल ते तुमचं आहे. त्यांना स्वतःला हे सांगता येत नाही म्हणून ते म्हणतात 'तू तिथंच आहेस ना'. आणि तेरवीला कोण पोचलं? मूर्तिजापूर काय आणि दिग्रस काय, त्या घरच्या लोकांना कॉलेजचा मित्र म्हणून जो चेहरा लक्षात आहे तो तुमचा आहे, हात जोडलेल्या फोटोंचा नाही. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेले. मी तिथं थांबली, चहा गार झाला माझा.

मुलींच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी सांगते, कारण इथं पुरुष मंडळी उत्साहात घोळ करतात. त्यांना शोधायचं तर नावानं सापडत नाहीत, माझं ऐकलंच तुम्ही. माहेरच्या गावावरून शोधा, भाऊ, काका, गावचा पोस्टमन, शाळेचे मास्तर, लग्न कुठं दिलं एवढं गावात कोणाला तरी माहीत असतेच. तुम्हाला नंबर मिळाला तर तो ग्रुपवर टाकायचा नाही. भावाला सांगायचं की अमुक बॅचचा मी, ताईला माझा नंबर द्या, तिला वाटलं तर करेल. ज्या दोघी सापडल्यात त्यांच्याकडे हे काम अर्धं सोपवा, बाईनं बाईला फोन केला की पलीकडच्या घरात कोणी कान टवकारत नाही. आणि एखादीनं नको म्हटलं तर 'नाही सापडली' एवढंच ग्रुपवर सांगायचं. तिच्याकडे कारण असेल, नवरा असेल, सासू असेल, एखादा तुमच्याच वर्गातला असेल ज्याचं तोंड तिला पाहायचं नसेल. एखादीला तर एवढ्या पुरुषांच्या गुड मॉर्निंगमध्ये राहायचंच नसेल, मला नाही राहता आलं, आमच्या शाळेच्या ग्रुपमधून मी पंधरा दिवसात बाहेर आली.

म्हणजे ग्रुप सोडायला माझी हरकत नाही, आता तर सोडला तर सगळ्यांना मेसेज पण जात नाही, फक्त ॲडमिनला जातो. पण तुम्ही सोडून राहिले ते रागानं, आणि रागानं सोडलेल्या ग्रुपमध्ये माणूस मनातल्या मनात रोज जाऊन येतो. म्यूट करा, 'नेहमी'वर ठेवा, आर्काइव्हमध्ये ढकला. दिवसातून एकदा, रात्री, पाहायचं ते पाहा. आणि ती 63 नावं खाली सरकवत जा, जिथं बोट थांबते अशी पाच-सहा नावं निघतील, तेवढीच खरी. त्यांना महिन्यातून एकेक फोन, कारण नसताना. त्या दोन शेतकऱ्यांना पहिला लावा जे ग्रुपवर बोलत नाहीत. मी सांगते ना, त्यांच्याकडे पण असंच एखादं ता.क. असणार.

पोराचं मनावर घेऊ नका, त्याला वाटते बाबाला त्रास होऊन राहिला तर कारण काढून टाकावं, त्याची बॅच अजून पांगायची आहे.

चिखलदऱ्याला जाऊ नका यंदा. 4,500 असते तरी मी हेच म्हटलं असतं, वेचणी सोडून गेलात तर पंचबोल पॉइंटवर उभं राहून पण तुम्ही आभाळाकडेच पाहाल. त्याऐवजी ग्रुपवर असं काहीतरी टाका, तुमच्या शब्दात:

"मित्रहो, नोव्हेंबरात कापूस फुटलेला असते, वेचणी सोडून निघता येत नाही. तुम्ही मजा करा, फोटो टाका. जानेवारीत एका रविवारी माझ्या वावरात या. रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि हरभऱ्याचा हुळा. तेव्हा चोरून नेलेला हरभरा यंदा हातानं देतो. कारंज्याच्या इंटरचेंजवर उतरा, पुढचा रस्ता मी सांगतो. पैसे नाही, चपला जुन्या घाला."

त्या तिघांवर पण एवढे चिडू नका. समृद्धीवर मध्येच गाडी थांबवता येत नाही, उतरायचं तर इंटरचेंजलाच, आणि लग्नाला निघालेल्या माणसाच्या बायकोला नऊवारीत वावर पाहायचं नसते. पण एक मात्र आहे, त्यांना 120 नं जाता येते आणि तुम्हाला स्वतःच्या वावराच्या बांधावरून दिसणाऱ्या त्या रोडवर मोटरसायकल घालता येत नाही, दुचाकीला बंदीच आहे, हे त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नसणार. हे ग्रुपवर टाका कधीतरी, गमतीनं. पाहा किती जण गप्प होतात.

जानेवारीच काहून म्हणते, तर तेव्हा वेचणी आटपत आली असते, हरभरा घाट्यावर असतो, थंडी असते, आणि गोवऱ्यांच्या आरासमोर दोन तास बसायला माणूस तयार होतो. रोडगे भाजायला वेळ लागतो हेच त्यांचं चांगलं आहे. जाड दळलेल्या गव्हाचे गोळे निखाऱ्यात घातले की कोणाला घाई करता येत नाही, सगळे आराभोवती उकिडवे बसतात, कोणी काडीनं उलटतो, कोणी म्हणतो अजून कच्चा आहे बे, आणि त्या दोन तासांत जे बोलणं निघते ते हॉटेलच्या हॉलमध्ये माईक फिरवून 'आपला परिचय द्या' करून निघत नाही. रिसॉर्टमध्ये माणूस काय झाला ते सांगतो. आराजवळ धूर डोळ्यात जातो, सगळेच डोळे पुसतात, कोण कशासाठी पुसून राहिला कोणाला कळत नाही.

फक्त एक करा, दिखावा नको. मंडप नको, डीजे नको, शेजाऱ्याची बोलेरो उभी करून ठेवायची नाही, आणि यासाठी पुन्हा कोणाकडून उसने तर अजिबातच नाही. वांगी घरची, तूप असेल तेवढं, पत्रावळी. बसायला ताडपत्री आणि कापसाची रिकामी पोती. 63 येणार नाहीत, आठ आले तरी पुष्कळ, चार आले तर रोडगे उरतील, ते दुसऱ्या दिवशी चुरून गूळ-तुपात खायचे. आणि तो वीस हजारवाला आला तर त्याला पाहुण्यासारखं बसवू नका, गोवऱ्या रचायला लावा.

या सदरात मी सहसा सांगत नाही की नंतर काय झालं ते कळवा, लोक लिहीत नाहीत. तुम्ही लिहा. फोटो सरळ काढा फक्त.

तुमची ताई

ता.क. – या वीस हजारांचं वहिनींना माहीत आहे का? पाचही पानं दोनदा वाचली, कुठं दिसलं नाही.